डोरीनचे सव्वीस डबे

माझे सासरे कमलाकर सोहोनी यांनी नॉटिंगहॅममध्ये चौतीस वर्षं बस चालवली. त्या चौतीस वर्षांत त्यांनी एकही अपघात केला नाही, एकाही इन्स्पेक्टरशी भांडण केलं नाही आणि एकाही माणसाला तोंडावर 'नको' म्हटलं नाही. पहिल्या दोन गोष्टींचं मला कौतुक आहे. तिसरीचा मात्र मला भयंकर राग यायचा, आणि ही सगळी हकीकत त्या तिसरीपायी घडली.

मी नागपूरची. आमच्याकडे भाजी बिघडली तर ताटावरच सांगतात, आणि करणारीही ऐकून घेते. २००५ साली यतीनशी लग्न करून मी या घरात आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात बाबांना विचारलं, "भाजी कशी झालीये?" बाबा म्हणाले, "छान." दुसऱ्या दिवशी मी मीठ घालायला विसरले होते. तरी छान. यतीन मला म्हणाला, "बाबांना विचारू नकोस गं. त्यांचा छान म्हणजे नुसती आवाज आहे." यतीनचा जन्म इथलाच, त्यामुळे त्याच्या मराठीत आवाजही बाई होतो, पण म्हणणं खरं होतं.

त्याच वर्षीची बॉक्सिंग डेची, म्हणजे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दाराची बेल वाजली. बाहेर केन आणि त्याची बायको डोरीन उभे. केन म्हणजे बाबांचा डेपोतला जोडीदार, त्यांच्याच वयाचा, दार भरून टाकेल एवढा आडवा माणूस. त्याच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, झाकणावर घोडागाडीचं चित्र.

"कॅम," तो म्हणाला. कमलाकर त्याच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं. "या वर्षीची टर्की गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे बघ."

"गेल्या वर्षीची लव्हली होती," बाबा म्हणाले. बोलले केनशी, पण बघत होते त्याच्या खांद्यावरून मागे, छत्री धरून उभ्या असलेल्या डोरीनकडे. मला वाटलं, म्हातारा सभ्य आहे, बाईमाणसाकडे बघून बोलतोय.

ते गेले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले तर बाबा ओट्याशी पाठमोरे उभे. डबा उघडा. एकेक सँडविच उलगडून ते काट्याने आतले टर्कीच्या मांसाचे तुकडे बाजूच्या बशीत काढत होते, अगदी माशाचे काटे काढावेत तसे. मग ब्रेडच्या आतल्या बाजूला त्यांनी लिंबाचं लोणचं लावलं आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. खाऊन झाल्यावर हात जोडून पुटपुटले, "अन्नदाता सुखी भव." हे ते प्रत्येक जेवणानंतर म्हणतात, मी बिनमिठाची भाजी केली तेव्हाही म्हणाले होते.

"बाबा, हे काय चाललंय?" मी म्हटलं.

त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

ऐंशी सालची गोष्ट. डेपोत दिवाळीची सुट्टी मिळायची नाही. यतीन तेव्हा दोन वर्षांचा होता आणि सासूबाईंची इच्छा होती की एकदा तरी लक्ष्मीपूजनाला माणसानं घरी असावं. केननं हे कुठूनतरी ऐकलं आणि आपणहून म्हणाला, तुझी दिवाळीची ड्यूटी मी करतो, माझी बॉक्सिंग डेची तू कर. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. डिसेंबरात ठरल्याप्रमाणे बाबा ड्यूटीवर गेले, तर सकाळी नऊला सुट्टीवरचा केन डेपोत हजर. बाहेर गाडीत डोरीन. केनच्या हातात हाच डबा. आत टर्कीची सँडविचेस, घरी भाजलेल्या ब्रेडची.

बाबांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणजे केकमधलं चालतं, कारण ते दिसत नाही. बाबांचं शास्त्र असं आहे. पण टर्की तर ढळढळीत दिसत होती.

"तेव्हाच सांगायचं होतं की, मी खात नाही," मी म्हटलं.

"कसं सांगू? त्यानं माझी दिवाळी सांभाळली, आणि मी त्याचा डबा परत करू?"

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी त्यानं विचारलं, गेल्या वेळची कशी होती? मी लव्हली म्हणालो. आता लव्हली म्हटल्यावर कसं सांगणार?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पंचवीस वर्षं दर बॉक्सिंग डेला केन डबा आणून द्यायचा. दर दिवाळीला बाबा तोच डबा चकल्यांनी भरून परत करायचे, कारण रिकामा डबा परत द्यायचा नसतो. केन चकल्या चहात बुडवून खायचा, पण तो त्याचा प्रश्न. निवृत्तीनंतर शिफ्ट बदलायचं कारण संपलं, तरी डबा चालूच राहिला. तो हा सव्विसावा.

"आणि टर्की? ती कुठे टाकता?"

"टाकत नाही गं. आल्फ म्हणून एक म्हातारा होता. बॉक्सिंग डेला दिवसभर माझ्या बसमध्ये बसून असायचा. घरी कोणी नाही, आणि बसमध्ये हीटर. त्याला द्यायचो मी टर्की, रुमालात गुंडाळून. तो गेल्यावर डेपोतलं मांजर. आता शेजारचं मांजर आहे."

मग जरा थांबून म्हणाले, "पण ब्रेड मात्र मी कोणाला दिला नाही. एक तुकडा नाही."

त्या ब्रेडचं त्यांना वेड होतं. २००१ साली सासूबाई गेल्या तेव्हापासून स्वयंपाक बाबांकडे होता, आणि तेव्हापासून ते हा ब्रेड घरी जमवायच्या मागे होते. सेज, थाइम असले इथले वासाचे पाले घालून बघितला, कांदा लोण्यात परतून, तेलात परतून, साजूक तुपातसुद्धा परतून बघितला. कणीक मळायची आणि एअरिंग कबर्डमध्ये ठेवायची. जिन्याजवळच्या त्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते आणि वरच्या फळीवर टॉवेल उबेला ठेवतात. आमच्याकडे टॉवेल राहायचे बाजूला, तिथे दही लागायचं, इडलीचं पीठ फुगायचं आणि बाबांची ब्रेडची कणीक टोपातून वर यायची. ब्रेड चांगला व्हायचा. पण डोरीनच्या ब्रेडचा वास काही त्याला यायचा नाही. तिला विचारायची सोय नव्हती. ब्रेडबद्दल विचारलं तर टर्कीचा विषय निघणार, आणि टर्कीचा विषय बाबांना काढायचा नव्हता.

पुढच्या ऑगस्टमध्ये केन गेला. बागेत काम करता करता बसला तो उठलाच नाही. चर्चमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत बाबा होते. घरी आल्यावर बराच वेळ कोट न काढता बसले आणि म्हणाले, "शेवटपर्यंत मी त्याच्याशी खोटं बोललो."

दिवाळीला बाबा एकटेच चकल्यांचा डबा घेऊन डोरीनकडे गेले. परत आले ते चेहरा पाडून. डोरीन म्हणाली होती की या वर्षी डबा नाही. संधिवातानं हाताची बोटं इतकी सुजली आहेत की कणीक मळता येत नाही. मुलगी जॅकी कार्डिफहून येणार आहे मुलांना घेऊन, सँडविचेस होतील, पण दुकानच्या ब्रेडची. हे ऐकून आमचे बाबा, जन्मात कधी आपणहून तोंड न उघडणारे, म्हणाले, "ब्रेड मी करून आणतो."

"छान केलंत," मी म्हटलं.

"पुढचं ऐक. ती म्हणाली, मग तुम्ही सगळे जेवायलाच या. आमच्याबरोबर बसून खा."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो."

म्हणजे सव्वीस वर्षं बसमध्ये आणि ओट्याशी लपून जे चाललं होतं, ते आता डोरीनच्या टेबलावर, तिच्या समोर आलं होतं. एक तर टर्की खायची, नाहीतर नवरा गेल्याच्या पहिल्याच ख्रिसमसला त्या बाईला सांगायचं, की तुझ्या घरचा डबा मी मांजराला घालत होतो. बाबा पुरते कात्रीत सापडले होते.

मी उपाय सुचवले. पोट बिघडलंय म्हणा. एकादशी आहे म्हणा, तिला काय कळणार कॅलेंडर. बाबा म्हणाले, "एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू नको." मग खरं सांगा, म्हटलं. तर म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे विषयावर झाकण.

त्यातच मी एक पराक्रम केला. नोव्हेंबरात घरचा बॉयलर कुरकुरायला लागला. मी आणि यतीननं ठरवलं, बाबांना नवा कॉम्बी बॉयलर भेट द्यायचा. नळ सोडला की गरम पाणी, टाकी नको, काही नको. बाबांना विचारलं तर म्हणाले, छान. आता या माणसाचं छान मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी ते खरं धरलं. दोन माणसं आली, टाकी उचलून घेऊन गेली, आणि मी त्या रिकाम्या कपाटात मोठ्या हौसेनं व्हॅक्यूम क्लीनर ठेवला.

डिसेंबरात बाबांनी सरावाची कणीक मळली आणि सवयीनं त्या कपाटात ठेवली. दोन तासांनी बघितलं तर ठेवली होती तशीच, थंडगार. मग रेडिएटरवर ठेवली, तर एका बाजूनं वाळली आणि दुसऱ्या बाजूनं बसली. शेवटी मी ती रजईत गुंडाळली. तो ब्रेड यतीननं दाराला अडसर म्हणून लावून दाखवला. बाबा एका शब्दानं मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. करायला गेले काय नि झालं काय, या विचारानं मी दिवसभर स्वतःवरच चिडचिड करत राहिले.

शेवटी मीच डोरीनला फोन केला आणि माझा गुन्हा कबूल केला. ती फोनवर खळखळून हसली. "माझी टाकी आहे अजून, डक. बॉक्सिंग डेला सकाळी सातला इकडेच या. मी सांगते, कॅम मळेल." ती सगळ्यांनाच डक म्हणते, नॉटिंगहॅमची ती रीतच आहे.

सकाळी निघालो तेव्हा यतीन अजून झोपेत होता, तो जेवायला येणार होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा. मी बाबांना विचारलं, "ठरलं का काही?"

"बघू," बाबा म्हणाले.

डोरीननं दार उघडलं. बाई खंगली होती. घरात जॅकी आणि मुलं अजून उठलेली नव्हती. स्वयंपाकघरात तिनं पीठ, यीस्ट, सगळं मांडून ठेवलं होतं. स्वतः उंच स्टुलावर बसली, हात मांडीवर. बोटांची पेरं सुपारीएवढी झाली होती. मला तिनं परसातून सेजची पानं आणायला पाठवलं. ती राखाडी पानं थंडीनं ताठ झाली होती. बाबांनी ती बारीक चिरली. कांदे चिरले.

"आता फ्रिजमधला तो वाडगा काढ, कॅम," डोरीन म्हणाली.

बाबांनी वाडगा काढला. वर पांढरा घट्ट थर, खाली तपकिरी जेलीसारखं काहीतरी.

"कालच्या टर्कीचं ड्रिपिंग," डोरीन म्हणाली. "भाजताना चरबी खाली गळते ना, ती. मोठे दोन चमचे तव्यात घाल आणि त्यात कांदा परत. हीच खरी गंमत आहे या ब्रेडची. लोण्यात नाही होत. म्हणून तर ख्रिसमसच्या दिवशी न करता मी बॉक्सिंग डेला पहाटे पाचला उठून करते."

बाबा चमचा हातात धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. सव्वीस वर्षं ज्या माणसानं काट्यानं एकेक तुकडा वेचून काढला, त्यानं ब्रेडबरोबर ती टर्कीच खाल्ली होती, तीही डोळे मिटून, चवीनं. हसावं की रडावं मला कळेना.

मग बाबांनी दोन चमचे तव्यात घातले. मोजून दोन, मोठे. कांदा टाकला. वास सुटला आणि बाबांनी मान वर केली.

"हाच," ते मला मराठीत हळूच म्हणाले. "पाच वर्षं शोधत होतो, तो वास हाच."

"बाबा, घरी चला," मी म्हटलं. "मी सांगते तिला काहीतरी."

"गप. ब्रेड व्हायचाय अजून."

आणि त्यांनी तो केला. बाह्या सरसावून, ती सांगेल तसा. मनगटानं ढकल, दुमड, पुन्हा ढकल. डोरीन मध्येच खाली उतरून एका बोटानं कणीक दाबून बघायची. टोप झाकून मी वर एअरिंग कबर्डमध्ये ठेवायला गेले. फळीवर टॉवेल होते, आणि त्यांच्या शेजारी केनचा पायजमा, घडी घालून उबेला ठेवलेला. चार महिने झाले होते त्याला जाऊन. मी टोप पायजम्याला लागू न देता ठेवला आणि दार हळूच लावून घेतलं.

दुपारी एक वाजता टेबलाभोवती आम्ही आठ जण बसलो. डोरीन, जॅकी, तिचा नवरा, दोन मुलं, आणि आम्ही तिघं. ब्रेड सुरेख झाला होता. टर्की जॅकीनं कापली आणि कापताना म्हणाली, "डॅडची सर नाही येणार." मग टर्कीवरच बोलणं सुरू झालं. केन ती बादलीत मिठाच्या पाण्यात कसा भिजवायचा, गॅरेजला कुलूप लावून तिची राखण कशी करायचा, एकदा कोल्हा कसा आला होता. सगळे हसले. कोणाचे डोळे भरले, कोणी नाक पुसलं. डोरीन ब्रेड कापत होती, म्हणजे सुरी बाबांच्या हातात होती आणि ती नुसती बोटानं जाडी दाखवत होती. तिनं पहिलं सँडविच लावलं आणि बशी बाबांच्या पुढे सरकवली.

"ज्यानं केला त्याला पहिलं," ती म्हणाली. "केन असता तर विचारलं असतं त्यानं, कशी झालीये टर्की."

सगळे बाबांकडे बघायला लागले. मी टेबलाखाली यतीनचा हात घट्ट धरला. बाबांनी सँडविच उचललं. मला वाटलं, आता खातोय हा माणूस, भिडेपायी खातोय. मी उठून उभी राहणार, तेवढ्यात त्यांनी ते परत बशीत ठेवलं, वरची फोड बाजूला केली आणि टर्कीचा तुकडा काट्यानं उचलून बशीच्या कडेला ठेवला.

"डोरीन," ते म्हणाले, "मी टर्की खात नाही. मांसच खात नाही, जन्मापासून. तुमच्या डब्यातली टर्की मी एकदाही खाल्ली नाही. मला सांगायचा धीर झाला नाही. मी केनशी खोटं बोललो आणि तुझ्याशीही. मला माफ कर."

डोरीन त्या तुकड्याकडे बघत राहिली.

"सव्वीस वर्षं?" ती म्हणाली.

"सव्वीस."

"मग जायची कुठे ती?"

बाबांनी आल्फचं सांगितलं. मग डेपोतल्या मांजराचं, मग शेजारच्या मांजराचं. मांजर म्हटल्यावर जॅकीच्या धाकट्याला हसू फुटलं आणि जॅकीनं त्याला कोपरानं ढोसलं. डोरीन हसली नाही.

"पण तो विचारायचा, कशी होती, आणि तू लव्हली म्हणायचास."

"तुझ्याकडे बघून म्हणायचो," बाबा म्हणाले. "तुझा ब्रेड लव्हली होता. त्यातला एक कण मी कधी कोणाला दिला नाही. घरी बायको मागायची, तिलाही दिला नाही. खरं सांगतो डोरीन, मी वर्षभर त्याची वाट बघायचो."

डोरीननं सुजलेला हात तोंडावर ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती जॅकीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? एक्केचाळीस ख्रिसमस झाले या घरात मला. एक्केचाळीस वर्षं पहाटे पाचला उठले मी. टर्की कशी झाली, यावर तुम्ही सगळे दिवसदिवस बोलता. ब्रेडबद्दल आजवर एका माणसानं एक शब्द काढला नव्हता."

जॅकीनं मान खाली घातली. डोरीनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती हसतही होती. तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि बाबांच्या पिठाळ मनगटावर ठेवला. मग एकदम तिला आठवलं आणि हात जागच्या जागी थांबला.

"कॅम. ते ड्रिपिंग."

"हो. आज कळलं मला."

"आणि तरी तू ते घातलंस?"

"तुझा ब्रेड आहे. तो जसा होतो तसाच व्हायला हवा."

"अरे देवा, मी तुला सव्वीस वर्षं..."

"खाल्ल्या अन्नाला नावं ठेवायची नसतात आमच्यात," बाबा म्हणाले. "मागचं प्रेमानं दिलंस, ते पोटात गेलं, अंगी लागलं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. फक्त आज मला माहीत आहे, म्हणून आज मी खाणार नाही. राग मानू नकोस."

मी सासऱ्यांकडे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं कोणाच्या तोंडावर 'नको' म्हटलं होतं, आणि इतकं सरळ, इतकं मऊ, की माझ्यासारख्या तोंडाळ बाईला शंभर वर्षांत जमलं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटला. इतके दिवस आतल्या आत किती रागावत होते मी त्यांच्यावर.

डोरीननं बाबांची बशी उचलली आणि जॅकीच्या नवऱ्यापुढे ठेवली. मग ती ताडकन उठली. "जॅकी, पीठ काढ. लोणी काढ. कॅम, बाह्या वर कर. दोन तासांत दुसरा होतो."

"अगं, कशाला त्रास..." बाबा म्हणायला लागले.

"बाबा," मी म्हटलं. तेवढंच. त्यांनी बाह्या वर केल्या.

दुसरी कणीक सगळ्यांनी मिळून मळली. जॅकीनं पहिल्यांदाच हा ब्रेड शिकून घेतला, आईच्या बोटाच्या खुणेबरहुकूम. मुलांनी कांद्यानं डोळे लाल करून घेतले. टोप पुन्हा वर गेला. या वेळी डोरीन स्वतः माझ्याबरोबर जिना चढून आली, केनचा पायजमा तिनं काढून काखेत धरला आणि म्हणाली, "ठेव इथे. जागा लागेल आता." बाबा लोणच्याची बाटली घरूनच खिशात घालून आले होते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे 'बघू' म्हणताना टर्की नाकारायचं त्यांचं ठरलेलं होतं.

चारच्या सुमाराला, बाहेर अंधारून येत असताना, ब्रेड ओव्हनमधून निघाला. डोरीननं जाड फोड कापायला लावली, बाबांनी लोणचं लावलं, तिनंही आपल्या फोडीला लावून घेतलं. बाबांनी घास घेतला. पुन्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कसा झालाय?" डोरीननं विचारलं. "आणि लव्हली म्हणू नकोस."

बाबांनी सावकाश चावला, गिळला. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण तसा नाही झाला."

डोरीन टेबलावर थाप मारून हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला आणि जॅकीनं पाणी आणलं. "सांगितलं होतं मी," ती म्हणत होती, "लोण्यात नाही होत म्हणून." हसता हसता तिनं लोणचं लावलेली आपली फोड संपवली आणि अजून एक मागितली.

बाबांनीही आपली फोड कणन् कण खाल्ली. मग हात जोडले आणि पुटपुटायच्या ऐवजी, चांगलं मोठ्यानं, तिच्याकडे बघत म्हणाले, "अन्नदाता सुखी भव."

"म्हणजे काय, डक?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं, ज्यानं जेवू घातलं त्याचं भलं होवो. आणि हेही सांगितलं, की गेली सव्वीस वर्षं दर बॉक्सिंग डेला, बसमध्ये असोत नाहीतर आमच्या ओट्याशी, तिचा ब्रेड खाऊन झाला की बाबा तिच्यासाठी हे म्हणत आले आहेत.

डोरीननं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. मग उरलेला ब्रेड तिनं घोडागाडीच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि तो सत्ताविसावा डबा बाबांच्या हातात दिला.